एका हाकेत गेलेला पाय

पालीचे एक गृहस्थ परवा सर्व्हिस मोटारनं माझ्याकडे आले. त्यांच्या पायाची जखम चार महिने भरत नाही आणि डॉक्टरांनी आता पाय कापायला सांगितलंय. कोणीतरी त्यांना माझं नाव सुचवलं. चहा होईपर्यंत ते माझ्या कुबडीकडे पाहत होते. मग विचारलं, पाय गेल्यावर माणूस करतो काय? मी म्हटलं, जेवतो. त्यांना राग आला, मग हसू आलं, आणि मग संध्याकाळची मोटार सुटेपर्यंत ते बसून राहिले. त्यांना जे सांगितलं तेच इथे लिहितो आहे. ज्याच्यावर असला प्रसंग येईल त्याच्या उपयोगी पडलं तर पडेल. माझा पाय मात्र जखम चिघळण्याच्याही आधी एका शब्दानं गेला होता, म्हणून तो शब्द पहिल्यांदा सांगायला हवा.

हबेस आणि आरया

मी रत्नागिरीत, मांडवीच्या बाजूला, एका शेटजींच्या वखारीवर मुकादम होतो. मचव्यांतून मंगळुरी कौलं यायची, सागाचे वासे यायचे, कधी यंत्रांच्या पेट्या. त्या धक्क्यावर उतरवायला हाताची यारी होती. म्हणजे एक जाड खांब, त्याला आडवी भुजा, भुजेवरून साखळी आणि साखळीच्या दुसऱ्या टोकाला हँडल मारून फिरवायचं दात्यांचं चाक. दात्यांत एक लोखंडी खिट्टी अडकलेली असे. ती अडकली की माल अधांतरी राही, उचलली की खाली येई.

हे चाक फिरवायला धाकू होता, जातीचा खारवी, अर्धं आयुष्य गलबतावर काढलेला. त्याला उचललेला माल दिसत नसे. यारी बसवली तेव्हा दिसत होता, पण पुढे शेटजींनी मध्येच कौलांसाठी छपरी बांधली. तेव्हा कोणीतरी म्हणालं होतं की आता धाकूला काही दिसायचं नाही. शेटजी म्हणाले, मुकादमाचा आवाज आहे ना. माझा आवाज खरोखरच मोठा होता, लहानपणी गुरांमागे ओरडून कमावलेला. मला ते ऐकून बरंच वाटलं.

शब्द गलबतावरचे होते. 'हबेस' म्हटलं की चढव, 'आरया' म्हटलं की उतरव. फिरंग्यांच्या जहाजांवरून आलेत म्हणतात, पण आम्हाला ते घरचेच वाटत. एकदा 'आरया' म्हटलं तर सावकाश उतरवायचं, पाठोपाठ दोनदा म्हटलं तर खिट्टी उचलून साखळी मोकळी सोडायची. आणि धाकूला माझी ताकीद होती की माझ्याशिवाय कोणाच्याही आवाजावर हात हलवायचा नाही. तो शेटजींचंसुद्धा ऐकत नसे. याचा मला अभिमान होता, तो जरा जास्तच होता असं आता वाटतं.

चाक

शिमगा आठ दिवसांवर होता. त्या दिवशी एका भातगिरणीचं बिडाचं चाक आलं होतं, फळ्यांच्या पेटीत ठोकलेलं. ते मचव्यातून वर आलं, धक्क्यावर वळलं आणि कमरेइतक्या उंचीवर थांबलं. खाली बैलगाडी वाकडी लागली होती. गाडी सरळ होईपर्यंत पेटी हातानं वळवावी म्हणून मी आत शिरलो. मुकादमानं मालाखाली जायचं नसतं, हे मी दुसऱ्यांना रोज सांगत असे.

मग साखळीचा आवाज झाला. पुढचं मला आठवतं ते असं, की पेटी जमिनीवर आहे आणि माझा डावा पाय घोट्याच्या जरा वर तिच्याखाली संपतो आहे. दुखलं अजिबात नाही. पहिला विचार आला तो वहाणेचा. कोल्हापुराहून आणवलेली नवी जोडी होती.

धाकू छपरीमागून धावत आला. त्याचे दोन्ही हात अजून हँडल धरल्यासारखे पुढे होते. तो म्हणाला, "दादा, तुमीच बोललात." मी त्याला काय उत्तर दिलं ते नंतर लोकांनी मला सांगितलं. ते इथे लिहिता येणार नाही.

पेटी पडण्याच्या आधीची एक-दोन मिनिटं माझ्या डोक्यातून पार पुसली गेली होती. त्यामुळे सगळे म्हणाले तेच मी धरून चाललो: धाकूला डुलकी लागली, नाहीतर तो प्यायलेला होता.

डॉक्टर बसले

डॉक्टर रोज उभ्यानंच बोलत. चौथ्या दिवशी ते स्टूल ओढून बसले, आणि मला कळलं. पालीच्या गृहस्थांना मी हेच सांगितलं, की डॉक्टर उभे आहेत तोवर काळजी करू नका.

पायाला वास यायला लागला होता आणि बोटं काळी पडली होती. डॉक्टर म्हणाले, गुडघ्याखाली चार बोटं ठेवून कापावा लागेल, थांबलो तर गुडघाही जाईल आणि मग तुम्हीही. मी विचारलं, कुठला पाय? वेड्यासारखाच प्रश्न होता. ते हसले नाहीत. डावा, म्हणाले, आणि खिशातून जांभळी पेन्सिल काढून ओली करून त्यांनी माझ्या मांडीवर मोठी फुली मारली. मी म्हटलं, डॉक्टर, आंधळ्यालाही कळेल कुठला तो. ते म्हणाले, "मला पक्की खात्री आहे, म्हणून खूण करतो. शंका असती तर मी पुन्हा पाहिलं असतंच."

तेव्हा ते बोलणं माझ्या डोक्यावरून गेलं.

आमची मंडळी दाराशी उभी होती. ती रडली नाही. उद्या यांना खायला काय द्यायचं, एवढंच तिनं डॉक्टरांना विचारलं. मला मात्र भीती वाटली, फार वाटली. मरणाची कमी आणि त्या करवतीची जास्त. मी ऐकलं होतं की क्लोरोफॉर्म दिला तरी आवाज ऐकू येतो. येत नाही. मला आकडे मोजायला सांगितले, मी अकरापर्यंत पोचलो, आणि जागा झालो तेव्हा पायाच्या जागी चादर सपाट होती.

दवाखान्यातले दिवस

सकाळी फिनेल, मग पेज, मग पट्टी बदलणं. पट्टी बदलणं हा दिवसाचा डोंगर. तो उतरला की बाकीचा दिवस सपाटीचा. दुपारी चार ते सहा भेटायला माणसं येत. ज्याच्याकडे कोणी येत नसे तो भिंतीकडे तोंड करून झोपल्याचं सोंग घेई, आणि बाकीचे त्याला ते घेऊ देत.

माझ्या शेजारच्या खाटेवर जयगडचा एक म्हातारा तांडेल होता. अंतर्गळाचं ऑपरेशन करून घ्यायला आला होता आणि सगळ्या वॉर्डाला गलबत समजून वागत होता. मला नसलेल्या पायाच्या अंगठ्याला खाज सुटायची. कोणाला सांगायची लाज वाटे. एकदा तांडेलाला सांगितली, तर त्यानं मंडळीला बोलावून चादरीवर अंगठ्याची जागा दाखवली आणि तिथे खाजवायला सांगितलं. तिनं वेड्यात काढल्यासारखं आम्हा दोघांकडे पाहिलं, पण खाजवलं. खाज थांबली. कशी ते डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. ज्यांचा पाय जाईल त्यांनी हे जरूर करून पाहावं.

माझ्या उशाशी दोन बाटल्या असत. एकीत पोटात घ्यायचं औषध, दुसरीत जखम धुण्याचं पाणी, जे प्यायलं तर माणूस आटोपलाच. ही दुसरी बाटली निळी आणि अंगभर खरखरीत रेघांची होती. असली ओबडधोबड बाटली कशाला, असं मी नर्सबाईंना विचारलं. बाई वसईकडच्या, बोलायला कमी. त्यांनी दोन्ही बाटल्या माझ्या हातात दिल्या आणि डोळे मिटायला सांगितले. मग म्हणाल्या, दुसऱ्या गावी शिकत असताना साध्या बाटल्या होत्या आणि माझ्या हातून एकदा चुकीची उचलली गेली. रोग्याच्या ओठाशी नेली होती. आमच्या मोठ्या बाईंनी मला शिक्षा केली नाही, बाटल्या बदलल्या.

"शिक्षेनं मी आठ दिवस नीट वागले असते," बाई म्हणाल्या. "मग एक दिवस दमले असते."

शहाळी

धाकूची बायको येसू दहाव्या-बाराव्या दिवशी आली. हातात दोन शहाळी. खाटेपाशी न येता दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. शेटजींनी धाकूला त्याच दिवशी काढून टाकलं होतं. कुठलाही नाखवा त्याला मचव्यावर घेईना, कारण ज्याच्या हातून माणूस लंगडा झाला त्याच्या हातात दोर कोण देणार? आणि माझा जबाब व्हायचा होता. जबाबात दोष धाकूवर आला तर खटला आणि तुरुंग, असं धक्क्यावर सगळे बोलत होते.

ती म्हणाली, "आवाज तुमचाच व्हता, दादा. दुसऱ्या कोनाच्या आवाजावर त्यांनी कदी खिट्टी उचललीनी नाय."

मी भिंतीकडे तोंड करून झोपलो. मंडळीनं शहाळी तिच्या हातात परत दिली.

भावोजी

सतराव्या दिवशी गावाहून माझे भावोजी आले, माझ्या आक्काचे यजमान. अपघाताच्या दिवशीही ते धक्क्यावर होते. भाचीचं लग्न ठरल्याची बातमी घेऊन आले होते आणि बातमीऐवजी मला उचलून दवाखान्यात घेऊन गेले. त्यांना ऐकायला कमी येतं. दारात उभे राहून ते खाटा शोधत होते. त्यांना पाहून मला बरं वाटलं आणि मी नेहमीसारखाच ओरडलो, "अरे, या!" त्यांनी ऐकलं नाही म्हणून लगेच पुन्हा, आणखी मोठ्यानं, "अरे, या!"

शेजारच्या खाटेवर तांडेल डोळे मिटून पडला होता. डोळे न उघडताच त्यानं विचारलं, "काय उतरवतायस, मुकादम?"

वॉर्डात दोघे-तिघे हसले. मी हसलो नाही. माझ्या हातापायांतला जीव गेला, म्हणजे जे उरले होते त्यांतला.

सगळं परत आलं. पेटी कमरेइतकी लोंबते आहे, माझे दोन्ही हात तिच्या फळीवर आहेत, आणि गाडीच्या पलीकडून भावोजी येताना दिसतात. मी ओरडतो, अरे, या. ते ऐकत नाहीत. मी पुन्हा ओरडतो. समोरून खारा वारा, खाली लाटांची खळखळ, मध्ये छपरी, आणि छपरीमागे एक माणूस, ज्याला मी दहा वर्षं शिकवलंय की फक्त माझा आवाज ऐक आणि दोनदा ऐकलास तर मोकळं सोड.

त्यानं सोडलं. तो प्यायला नव्हता, डुलकीही नव्हती. उलट तो इतका जागा होता की माझा पाय गेला.

भावोजी खाटेवर बसून आक्काची खुशाली सांगत राहिले. मी मान हलवत राहिलो. त्यांना मी हे आजतागायत सांगितलेलं नाही, आणि ते हे वाचणार नाहीत, चष्मा लावायचा त्यांना कंटाळा आहे.

जबाब

मी लगेच कोणाला काही बोललो नाही. हे कबूल करायला हवं. सहा दिवस मी ते पोटात ठेवलं. या सहा दिवसांत शेटजींचे मुनीम येऊन गेले. शेटजींचा निरोप असा, की तुम्हाला वखारीत बसून करायचं काम जन्मभर मिळेल, चिंता करू नका. जबाबात एवढंच सांगा की आपण काही हाक दिली नव्हती. मुनीम सज्जन माणूस होता, हे सांगताना तो माझ्याकडे न पाहता खिडकीकडे पाहत होता.

मुनीम गेल्यावर मी मंडळीला खरी गोष्ट सांगितली. तिनं पेजेचं भांडं झाकून ठेवलं. मग म्हणाली, "पाय गेला तो गेला. आता आपल्याच पोटावर पाय देऊ नका." मी म्हटलं, द्यायला दुसरा पाय कुठे आहे. तिला हसू आलं नाही. तिचंही चुकत नव्हतं. घरात दोन लेकरं होती आणि नवरा एका पायाचा.

मला धाकूची दया आली असं म्हणणं सोपं आहे. पण खरं सांगायचं तर दुसरंच काही मला झोंबत होतं. त्या माणसानं माझं जसंच्या तसं ऐकलं होतं, आणि त्याबद्दल त्याला शिक्षा व्हायची होती. मग यापुढे माझं कोणी का ऐकावं?

कचेरीतले कारकून जबाब घ्यायला आले तेव्हा मंडळी खाटेच्या पायथ्याशी उभी होती. मी सांगितलं, हाक माझीच होती. मी पाहुण्यांना या म्हटलं, चाकवाल्यानं आरया ऐकलं. कारकुनांनी टाक थांबवला. ते घाटावरचे होते, त्यांना दोन्ही शब्द दोन-दोनदा म्हणून दाखवावे लागले. तांडेलानं साक्ष दिली. मग कारकून म्हणाले की इथे कसूर कोणाची हे लिहावं लागतं, तुमची लिहू?

मी म्हटलं, "शब्दाची लिहा. आणि छपरीची."

"शब्दाला समन्स कसं काढू?" त्यांनी विचारलं. चेष्टा नव्हती, त्यांना खरंच अडचण होती. शेवटी त्यांनी 'ऐकण्यात गैरसमज' असं लिहिलं आणि माझी सही घेतली. खटला झाला नाही. शेटजींचा निरोपही पुन्हा आला नाही. मंडळी माझ्याशी चार दिवस बोलली नाही, पण पेज मात्र वेळेवर आणत होती.

घरी

घरी आल्यावरचे दिवस दवाखान्यापेक्षा कठीण असतात, हे कोणी आधी सांगत नाही. दवाखान्यात सगळेच अधू. घरी तुम्ही एकटे. मी कुबडी घेऊन दोनदा पडलो, एकदा तर विहिरीच्या कट्ट्यापाशी. पडल्यापेक्षा पडताना लोकांनी पाहिलं याचं जास्त लागतं. पावसाळाभर मी ओटीवर बसून दोऱ्या वळल्या आणि सगळ्यांवर चिडचिड केली. मंडळीनं निम्मी ऐकून घेतली आणि निम्मी परत केली.

एक सवय मात्र आपोआप सुटली. दारात कोणी आलं की माझ्या तोंडून 'अरे, या' निघेना. 'आलात?' म्हणायचो, नाहीतर नुसती मान हलवायचो. लोकांना वाटलं, पाय गेल्यापासून मुकादम माणूसघाणा झाला.

टोल

नारळी पौर्णिमेला बंदर उघडलं. शेटजींनी नवा मुकादम ठेवला होता, नवा चाकवालाही. पंधरा दिवसांत कौलांच्या दोन खेपा फुटल्या आणि एका हमालाचं डोकं थोडक्यात वाचलं. तेव्हा शेटजी स्वतः माझ्या ओटीवर आले. माणूस वाईट नव्हता, घाबरला होता. मी त्यांना बाटलीची गोष्ट सांगितली आणि तीन गोष्टी मागितल्या.

छपरी सरकवायची, म्हणजे चाकवाल्याला माल दिसेल. हाकेऐवजी शाळेत असतो तसा पितळी टोल लावायचा: एक ठोका चढव, दोन ठोके उतरव, आणि टोल ऐकूनही मालाखाली माणूस दिसला तर काही करायचं नाही, मी शिव्या दिल्या तरी. आणि चाकावर धाकू. शेटजींनी छपरीसाठी फार कुरकुर केली, धाकूसाठी कमी. आज इतकी वर्षं झाली, मी स्टुलावर बसून टोल देतो, धाकू माझ्याकडे पाहतो, मालाकडे पाहतो, मग खिट्टीला हात घालतो. कधी कधी मुद्दाम थांबून मला दुसऱ्यांदा टोल द्यायला लावतो. मी चिडतो. त्यानं ते तसंच चालू ठेवावं.

खळ्यात

पण चाकावर येण्याआधी धाकू एकदा घरी आला होता, ते सांगायचं राहिलं. मी निरोप पाठवला होता. अपघातानंतर आम्ही एकमेकांना पाहिलं नव्हतं. तो घरापुढच्या खळ्याच्या कडेला येऊन उभा राहिला, हातात दोन शहाळी, आणि पुढे येईना. मी ओटीवर कुबडीला टेकून. मी हल्लीच्या सवयीनं नुसती मान हलवली. मंडळी आतून आली, तिनं चटई टाकली आणि मला म्हणाली, "बोलवा की त्यांना आत."

धाकूनं माझ्याकडे पाहिलं. मग शहाळी खाली ठेवली आणि दोन्ही तळवे उघडे करून मला दाखवले.

"बोला, दादा," तो म्हणाला. "माजे हात मोकले हायत."

दहा वर्षं मी त्याला नुसतं 'ये' म्हणत आलो होतो.

"अरे, या," मी म्हटलं.